बिनजागेचा दात

गेल्या वर्षी फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेअकराची वेळ. रक्कम आठशे रुपये. नागपूरहून येणाऱ्या सरांना पेट्रोलसाठी द्यायची म्हणून मी ती पाकिटात घालून ठेवली होती आणि सरांनी ती घेतली नाही. हजर चौघे: भाऊ, त्यांच्या पत्नी म्हणजे बाई, सर आणि मी. जागा, राजुऱ्यातल्या भाऊंच्या घराची वरची खोली. विषय, एक दात.

दात भाऊंचा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण चंद्रपूरच्या एका दातांच्या डॉक्टरांची यावरून फसगत झाली होती. भाऊ त्यांच्या दवाखान्यात नंबर लावून दीड तास बसले. नंबर आल्यावर आत गेले, पण खुर्चीत बसेनात. डॉक्टर म्हणाले, "बसा ना. कोणता दात दुखतो?" भाऊंनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि लहान मुलाच्या मुठीएवढा एक काळपट तपकिरी दात त्यांच्या ट्रेमध्ये ठेवला.

"दुखत नाई जी. फोटो काढा याचा."

"हा कोणाचा दात आहे?" डॉक्टर मागे सरकून म्हणाले.

"थेच तं तुमाले विचाराले आलो."

डॉक्टरांनी फोटो काढला, पण दात काही ओळखला नाही. भाऊंनी पैसे पूर्ण दिले. घरी येऊन मला म्हणाले, "काम केलं त्यानं. ओळखलं नाई, थे अलग."

मी गडचांदूरला एका सिमेंट कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करतो. पहिली अकरा वर्षं आम्ही भाऊंच्या घरी खालच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिलो. माझी दोन्ही मुलं तिथेच झाली. पुढे मी बसस्टँडमागे स्वतःचं घर बांधलं, तरी रविवारची सकाळ भाऊंकडे जायची ती जायचीच. भाऊ कोळशाच्या खाणीत सर्व्हेयर होते. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली. गावात त्यांना 'गोटेवाले भाऊ' म्हणतात, कारण आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात आणि भाऊंच्या वरच्या खोलीत गोट्यांशिवाय दुसरं काही नाही. खाणीच्या छतातून निघालेल्या पाटीसारख्या दगडावर उमटलेली पानं, सिरोंच्याकडचं दगड झालेलं लाकूड, वरोऱ्याकडची हाडं, नदीकाठचे शंख. एकशे नव्वद पायली धान्य ठेवता येईल अशी खोली, असं माझ्या सासऱ्यांनी ती पाहून म्हटलं होतं. त्यांना दुसरं माप सुचलं नाही.

भाऊ गोटे चाटत. मला याचा पहिला धक्का घर पाहायला गेलो त्याच दिवशी बसला. भाड्याचं बोलणं चालू असताना त्यांनी एक खडबडीत तुकडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "चाटा."

"काय आहे हे?"

"चाटा तं खरं. हाड असन तं जिभेले चिपकते, साधा गोटा असन तं नाई चिपकत. माणूस खोटं बोलते, जीभ नाई बोलत."

डिपॉझिट कमी होतं, घर हवेशीर होतं. मी चाटलं. जीभ चिकटली. भाऊंचा चेहरा खुलला. "डायनोसोर," ते म्हणाले, "वरोऱ्याकडचा." मी मोरीत जाऊन तीनदा चूळ भरली. बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुमालेबी चाटवलं का? या आता राहाले. जो चाटते त्यालेच खोली देते हा माणूस."

गोट्यांच्या बाबतीत भाऊंचा नियम एकच होता: "जागा नाई, तं गोटा नाई." गोटा कुठे सापडला हे माहीत नसेल तर तो कितीही देखणा असो, त्यांच्या लेखी ती खडी. प्रत्येक गोट्यावर ते पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका देत आणि तो वाळला की काळ्या रंगाने बारीक अक्षरात जागा लिहीत. गोटा घरात आला त्या दिवशीच हे व्हायला हवं. रजिस्टर नाही. पूर्वी होतं, ते वाळवीने खाल्लं. तेव्हापासून भाऊंचा कागदावरचा विश्वास उडाला तो कायमचा. वर्तमानपत्रसुद्धा घेत नाहीत. "गोट्याले उधळी लागत नाई," असं म्हणतात. वाळवीला ते उधळी म्हणतात.

हा नियम त्यांनी कोणासाठी वाकवला नाही. आलापल्लीला त्यांचे एक साडू होते. त्यांनी एकदा दगड झालेल्या लाकडाचा असा काही तुकडा आणला, की त्यात खोडाची वलयं मोजता यावीत. भाऊंनी तो हातात घेतला, फिरवला, डोळे भरून पाहिला.

"कुठचा?"

"तिकडचाच. सिरोंच्याकडचा."

"तिकडचा म्हणजे? नाल्यातला का वरचा? पुलाच्या अलीकडचा का पलीकडचा?"

साडूंना सांगता येईना. त्यांनी तो कोणाकडून तरी घेतला होता. भाऊंनी चहा पाजला, जेवू घातलं आणि साडू गेल्यावर तो तुकडा खालचं दार उघडं राहावं म्हणून त्याला टेकवून ठेवला. आमची पोरं वर्षानुवर्षं त्यावर चप्पल घासत होती. मी म्हणालो, भाऊ, बाजारात याचे पैसे येतील. ते म्हणाले, "येतीन. खडीचेबी येते."

अशा माणसाच्या कपाटात वरच्या फळीवर बिनजागेचा एक दात होता. मागचा वीटकरी रंग दिसेल इतकी जागा दोन्ही बाजूंना मोकळी सोडून, एकटा. मी पहिल्यांदा त्याबद्दल विचारलं तेव्हा भाऊंनी तो फळीवरून काढून तळहातावर घेतला. मग म्हणाले, "माह्या हातची चूक आहे थे. मीच आणला, मीच रंग लावाचा राह्यलो. कुठचा आहे, आठवत नाई."

"मग नियमाप्रमाणे टाकून द्या."

"टाकला असता. पन मले चूक दिसाले पाह्यजे न."

त्यांना दुसरीही एक तक्रार होती, जी मी त्यांच्या वयावर ढकलत असे. "हा दात फिरते," ते म्हणत. "काल तोंड खिडकीकडे होतं, आज दाराकडे आहे." उंदीर असेल, मी म्हणायचो. "उंदीर बाकीच्याइले हात लावत नाई?"

जागा कळत नाही तर निदान जनावर तरी कळावं, म्हणून भाऊंनी काय काय केलं ते सांगायला बसलो तर दिवस जाईल. म्हशीची कवटी आणून त्यांनी अंगणात वाळवली. म्हशीच्या दातावर चंद्रकोरी असतात, यावर नव्हत्या. घोड्याच्या दातावर नागमोडी कडा असतात, त्याही नव्हत्या. डुकराच्या दाढेशी थोडं जमत होतं, पण एवढं मोठं डुक्कर कोणी पाहिलेलं नव्हतं. आलापल्लीकडे वनखात्याचे हत्ती आहेत. तिथे जाऊन त्यांनी माहुताला हत्तीचं तोंड उघडून दाखवायला सांगितलं. माहुताने हत्तीला केळं दाखवलं, हत्तीने तोंड उघडलं, भाऊंनी बॅटरी आत मारली आणि हत्तीने सोंडेने बॅटरी घेतली. बॅटरी परत मिळाली नाही. "हत्ती नाई," भाऊ घरी येऊन म्हणाले. "हत्तीची दाढ पापडाच्या चळतीसारखी राह्यते, पट्ट्या पट्ट्या. याच्यावर तं बेलाचं पान आहे."

ते खरं होतं. दाताच्या चावायच्या बाजूला झिजलेल्या कडांची जी नक्षी होती ती थेट तीन दळांच्या बेलाच्या पानासारखी. मला ती पाहून नेहमी शंकराच्या देवळाची आठवण येई.

आता त्या रविवारी हे सगळं ऐरणीवर का आलं ते सांगतो. वरचा मजला भाऊंच्या मुलाने बांधलेला, स्वतःच्या नावावर कर्ज काढून. मुलगा हैदराबादला असतो. त्याने स्वच्छ सांगितलं, की हप्ता जड जातो, एका ठेकेदाराचा इंजिनीअर महिना साडेतीन हजार द्यायला तयार आहे, तेव्हा पाडव्यापर्यंत गोटे काढा. मुलाचा हिशेब मी पाहिला. त्यात चूक नव्हती. भाऊंनी दोन-तीन शाळा-कॉलेजांना विचारलं. सगळे येऊन पाहून गेले, छान म्हणाले आणि जागा नाही म्हणाले. खाली दोन खोल्यांत भाऊ आणि बाई, दोन खोल्यांत दुसरे भाडेकरू. एवढे गोटे तिथे ठेवायला भिंतीच नव्हत्या. भाऊंनी जेवण कमी केलं. बाई मला म्हणाल्या, "पोराले मी काई म्हनत नाई, त्याचं बराबर आहे. पन हे गोटे गेले तं हा माणूस दिवाई पाहात नाई."

मग मी दाताचे फोटो काढले, शेजारी माझी स्टीलची पट्टी ठेवून, आणि ओळखीतल्या एकाकडून नागपूरच्या एका कॉलेजात जीवाश्म शिकवणाऱ्या सरांना पाठवले. सरांचा फोन त्याच संध्याकाळी आला. ते म्हणाले, "हात लावू नका, मी येतो."

सर आले, बूट काढले आणि खोलीभर नजरही न फिरवता थेट दाताकडे गेले. भिंग काढलं. बेलाच्या पानावर ते जास्त थांबले नाहीत.

"पाणघोडा," ते म्हणाले.

भाऊ म्हणाले, "काय?"

"पाणघोड्याची दाढ. शंका नाही. आपल्या नद्यांत एके काळी पाणघोडे होते, काका."

मी हबकलो. ज्या वर्धा नदीत आम्ही गणपती बुडवतो, जिच्यात मी लहानपणी तळ लागेल तिथवर पोहलो, तिच्यात पाणघोडे. भाऊ खाली बसले. एवढ्या वर्षांनी उत्तर आलं ते दोन मिनिटांत, याचाही धक्का असतो. ते फक्त "पानघोडा, पानघोडा" असं पुटपुटत होते, नातवाचं नाव ठेवल्यासारखं.

पण सर आता दाताची बाजू पाहत होते. तिथे अंगठ्याच्या नखाएवढा एक सपाट, गुळगुळीत भाग होता. मी तो अनेकदा पाहिला होता. झीज असेल असं समजून सोडून दिला होता. सरांनी दात खिडकीशी नेला, तिरका धरला, भिंग लावलं आणि त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला.

"हे चावल्याने झालेलं नाही," ते हळू म्हणाले. "या बाजूने दात दाताला लागतच नाही. आणि हे ओरखडे पाहा, गोल गोल. कोणीतरी हा दात सपाट दगडावर गोल घासलाय. आणि घासलेली बाजू बाकीच्या दाताइतकीच काळी आहे, ताजी नाही. माणसाने घासलाय."

"कोन माणसानं?" भाऊंनी विचारलं.

"तेच. जर हे जुनं असेल, म्हणजे आदिमानवाच्या काळातलं, तर..." सरांनी दात जपून फळीवर ठेवला. "मला तपासावं लागेल, चार जणांना दाखवावं लागेल. पण काका, हे तसं निघालं तर तुमच्या सगळ्या संग्रहाला आमच्याकडे एक खोली मिळेल. मी प्राचार्यांना आत्ता फोन करतो." आणि ते मोबाईल घेऊन गच्चीवर गेले.

त्याच वेळी बाई चहाचा ट्रे घेऊन वर आल्या. "काय म्हनते थो मास्तर?"

मी सांगितलं. पाणघोडा, आणि आदिमानवाने हजारो वर्षांपूर्वी दगडावर घासलेला.

बाई हसायला लागल्या. ट्रे हलला. "हजारो वर्सं! अवो, थे तं मी घासलं."

मी म्हणालो, "काय घासलं?"

"दात. सहानीवर. घुटीत." बाईंनी ट्रे खाली ठेवला आणि मोजून दाखवावं तसं बोटांवर घेतलं. "मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, बदाम, अन् शेवटी याचे दोन येढे. लेकराचे दात सोपे निंगते. गोट्याचा दात घास म्हनून माह्या आईनंच सांगतलं होतं. आपल्या आळीतल्या किती लेकराइले देल्ला. हे ड्यूटीवर गेले का काढाचा, घासाचा, धुवून परत ठेवाचा."

मी विचारलं, "आमच्या मुलांना?"

"मंग? दोघाइलेबी. तुमचे पोट्टे काई रडले का दात येताना?"

ती रडली नव्हती. मला आठवतं, आम्ही त्यांचं कौतुक करायचो. माझ्या मुलांच्या पोटात हजारो वर्षांपूर्वीचा पाणघोडा गेला होता आणि मी घरभाड्याच्या पावतीवर तिकीट लावायला विसरलो नाही याचा अभिमान बाळगत होतो. (घरी गेल्यावर मी बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. "हो, मग?" ती म्हणाली. "त्यात तुम्हाला काय सांगायचं?" आळीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं.)

पण भाऊंचं लक्ष घुटीकडे नव्हतं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "याच्यावर रंग होता?"

"होता न. पांढरा. लेकराच्या पोटात रंग जाईन म्हनून मी काथ्यानं घासून काहाडला."

पंचेचाळीस वर्षं ज्या चुकीला समोर फळीवर बसवून भाऊंनी रोज पाहिलं होतं ती त्यांची नव्हतीच. मला वाटलं, आता ते ओरडतील. माणूस भिंतीवर डोकं आपटेल असा तो प्रसंग होता. ते ओरडले नाहीत.

बाईंच्या हे एव्हाना लक्षात आलं होतं. त्यांनी गच्चीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याले काई सांगू नोका. खोली भेटून राह्यली न? थो म्हनते हजारो वर्सं, तं राहू द्या हजारो वर्सं. माही काई हरकत नाई." मग माझ्याकडे वळून, "तुमीबी चूप बसा. अन् आळीतल्या बायाइचं मी पाह्यतो."

एका बाजूला खोलीभर गोटे होते आणि पाडवा महिन्याभरावर होता. दुसऱ्या बाजूला नखाएवढी एक सपाट जागा होती. तपासणीत कदाचित सगळं उघडं पडलंच असतं. कदाचित पडलं नसतं.

भाऊंनी मात्र बाईंना वेगळंच विचारलं. "रंगावर काय लिव्हलं होतं?"

बाईंचं हसू गेलं. त्या उंबऱ्यावर बसल्या. "मले आता विचारता? दाताच्या डाक्टरले विचारलं, माहुताले विचारलं, हत्तीले विचारलं. घरात मी होती. मले एकदा तरी विचारलं का, का बाप्पा, तुले माईत आहे का?"

भाऊ त्यांच्याजवळ सरकले.

"माहेरी होती मी, बाळंतपणाले. पोरगं झालं त्या दिवशी तुमी आले. घरात बायाच बाया, तुमाले बसाले जागा नव्हती, म्हनून तुमी नदीवर गेले. संध्याकाळी आले तं पोराले पाहाच्या अगुदर मले हे दाखवलं. म्हने, पाह्य काय भेटलं. माह्या बाजूले लेकरू होतं अन् तुमी मले गोटा दाखवून राह्यले होते." बाई पदराने हात पुसत राहिल्या, हात कोरडे होते तरी. "बाबाच्या खिडक्याइले रंग देनं चालू होतं, त्याच रंगानं लिव्हलं तुमी. आमच्या वावराच्या खालच्या काठावर भेटला होता हा."

मी भाऊंना तोवर कितीतरी वर्षं ओळखत होतो. कोणत्या नाल्याच्या कोणत्या वळणावर कोणतं पान सापडलं हे ते झोपेत सांगत. स्वतःच्या मुलाच्या जन्माचा दिवस आणि जागा त्यांच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती. हे ऐकून मला दाताचा धक्काही कमी वाटला.

सर हात चोळत आत आले. "प्राचार्य तयार आहेत. तत्त्वतः हो म्हणाले."

बाईंनी भाऊंकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून.

भाऊ उभे राहिले. "सर, थे घासनं माह्या बायकोचं आहे."

"म्हणजे?"

"घुटीचं. आदिमानूस नाई. राजुऱ्याचं आहे थे."

सर काही क्षण हसले, मग थांबले, मग पुन्हा भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना खरं वाटेना. त्यांनी बाईंना करून दाखवायला सांगितलं. बाई खाली गेल्या, सहाण आणि तांब्या घेऊन आल्या, फरशीवर मांडी घालून बसल्या आणि बदाम धरतात तसा दात चिमटीत धरून सवयीने दोन वेढे काढले. सहाणेवर राखाडी पाणी उतरलं. सरांनी भिंग लावलं. नवे ओरखडे जुन्यांच्या शेजारी जाऊन बसले होते, एका माळेतले.

"मूर्ख बाई," बाई स्वतःलाच म्हणाल्या, "कशाले घासून दाखवलं."

सरांनी दात पुसून परत फळीवर ठेवला. ते भले माणूस होते. म्हणाले, "काका, तुम्ही बोलला नसता तर मी चार जणांपुढे उभा राहून तोंडघशी पडलो असतो. दाढ पाणघोड्याचीच आहे, ते खरंच आहे. जागा पक्की करून लिहा, मी नोंद घेईन. पण खोली..." ते पुन्हा गच्चीवर गेले. हा दुसरा फोन पहिल्यापेक्षा बराच लवकर आटपला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे ऑटोने बाईंच्या माहेरी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. लोक उद्या कुदळी घेऊन जातील. खरं तर जाऊनही उपयोग नाही. बाईंच्या वडिलांचं वावर जिथे उतरत नदीला जात होतं तिथे आता खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर आहे, चार मजली इमारतीएवढा, वर सुबाभळी उगवलेल्या. वावर खाणीत गेलं तेव्हा भावांनी बाईंना हक्कसोडपत्रावर सही मागितली होती. बाईंनी केली नव्हती. त्यांच्या हिश्श्याचे पैसे तेव्हापासून बँकेत आहेत, हे मला माहीत होतं, कारण त्यांची ठेव मीच लावून दिली. पण तो डोंगर मी पहिल्यांदाच पाहत होतो. नदीकाठच उरला नव्हता.

"इथीच?" भाऊंनी विचारलं.

"इथीच. खाली."

मला वाटलं, संपलं. जागा नाही, तर गोटा नाही. पण भाऊंनी पिशवीतून जुनं होकायंत्र काढलं. नदीपलीकडच्या देवळाचा कळस धरला, मग रस्त्याच्या पुलाचा खांब. आणि मग ते बाईंना विचारू लागले. विहीर कोणत्या हाताला होती? चिंच विहिरीच्या वर का खाली? बैल पाण्याला कुठून उतरायचे? बाई सांगत होत्या, हात करून दाखवत होत्या, कधी त्यांना "तुमाले काईच कसं आठवत नाई बह्याडावानी" म्हणून वेड्यात काढत होत्या. भाऊ ऐकून घेत होते. त्या घरात मी अकरा वर्षं राहिलो, पण त्यांनी बाईंना इतक्या गोष्टी विचारलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. काठाची उंची किती होती, हे मात्र बाईंना सांगता आलं नाही. भाऊ म्हणाले, "नाई आठवत तं नाई. अंदाज नोको देऊ." दुपार उतरेपर्यंत हे चाललं होतं. ऑटोवाला दोनदा येऊन ओरडून गेला.

दातावर आता पांढरा ठिपका आहे. जागा लिहिलेली आहे. घासलेल्या बाजूला रंग दिलेला नाही. ती भाऊंनी तशीच ठेवली. आळीत गेल्या पावसाळ्यात एक बाळ झालं तेव्हा बाईंनी घुटी दिली, दाताशिवाय. ते बाळ खूप रडतं, असं माझी बायको सांगते.

पाडवा आला आणि गेला. गोटे वरच्या खोलीतच आहेत. मुलाने इंजिनीअरला नाही म्हणून कळवलं. भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला वर नेतात, चाटायला लावतात आणि सांगतात, "पोराले आता समजली गोट्याची किंमत." त्यांना हे बोलताना पाहून बाई खाली निघून जातात. भाऊ कागदावरचं काही वाचत नाहीत, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. वरच्या खोलीचं भाडं दरमहा साडेतीन हजार रुपये, वावराच्या ठेवीच्या व्याजातून, बाईंच्या खात्यातून त्यांच्या मुलाच्या खात्यात. पहिल्या महिन्यात त्याने नको म्हणून परत पाठवले. बाईंनी पुन्हा पाठवायला लावले. दुसऱ्या महिन्यापासून तो घेतो. बाईंना मोबाईलवरून पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून पाच तारखेला ते मी पाठवतो.